बरणीचं झाकण

"अहो, येता का जरा? लोणच्याची बरणी उघडत नाहीये!"

लॅपटॉपसमोरून दिगंबर करवादत उठला. घरून काम सुरू झाल्यापासून तो खुर्चीला चिकटला होता. तासातासाला उठून जरा पाय मोकळे करा, असं डॉक्टरांनी बजावलं, तर "कामं काय तुम्ही करणार?" म्हणून त्यांनाच सुनावून आला होता. पण बायको अडली म्हटल्यावर बसून कसं राहणार? सकाळपासून तूप, मेतकूट आणि आता लोणचं. "माझ्याशिवाय या घराचं पानही हलत नाही," असं म्हणत त्याने प्रत्येक झाकण मोठ्या ऐटीत उघडलं होतं.

दुपारी मीटिंग लवकर संपली आणि तो हाकेआधीच पाणी प्यायला उठला. स्वयंपाकघराच्या दारातच थबकला. ओट्याशी बायको दातओठ खात, फडक्यात धरून, मुरांब्याच्या बरणीचं झाकण सगळा जोर लावून आवळत होती.

तो आवाज न करता खुर्चीत जाऊन बसला. लगेच हाक आली.

करवादतच गेला. झाकण उघडलं. तिने चमचाभर मुरांबा काढताच त्याने बरणी पुन्हा हातात घेतली आणि पुढच्या तासासाठी झाकण स्वतःच गच्च आवळून ठेवलं.