शेपटाच्या मागे

चोवीस माणसांपैकी तेवीस टेकडीपलीकडे दिसेनाशी झाली आणि चोविसाव्या मावशी पुन्हा एका दगडावर बसल्या. आज नवव्यांदा.

त्यांच्या मागे शेपूट थांबला. पार टोकापर्यंत चालायला महिना लागेल अशी ती पायवाट. तिचा एका दिवसाचा तुकडा हौशी लोकांना चालवून आणायचा. पुढे तरुण वाटाड्या, मागे हा. शेवटच्या माणसाच्याही मागे राहायचं, एवढंच काम. म्हणून नाव पडलं शेपूट. सोळा वर्षं त्याने ते हसत मिरवलं. पण वर्षभरापासून उजवा गुडघा कामातून गेला होता. पँटीखाली पट्टा आवळून तो रोज निघायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. वाटाड्याला कळलं असतं तर उद्यापासून घरी बसावं लागलं असतं, आणि घरी बसून दिवसभर काय करतात ते त्याला ठाऊक नव्हतं.

"मावशी, बस पाचला निघते," तो म्हणाला.

"आपल्याला सोडून थोडीच जाणार आहे." मावशींनी घोटभर पाणी पिऊन बाटलीचं झाकण सावकाश लावलं. "तुम्हीही टेका जरा. कुणी उभं राहिलं की मला उगाच घाई होते."

तो टेकला. ओठांवर आलेलं 'आई गं' त्याने गिळलं. ही बाई आज माझी नोकरी घालवणार, असं त्याला वाटत होतं, आणि दर वेळी ती बसली की बरंही वाटत होतं. सत्तरी उलटलेल्या बाईने सतरा किलोमीटरच्या भानगडीत पडावंच कशाला, असं पुटपुटण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

पुढे कुंपण आलं. ते ओलांडायला लाकडी शिडी. पाच पायऱ्या वर, पाच खाली. मावशी बाजूला झाल्या.

"तुम्ही आधी."

"तसं नाही चालत. माझ्या मागे कुणी राहायचं नाही, नियम आहे."

"आणि तुम्ही पडलात तर बघणार कोण?"

मावशी पलीकडच्या झाडाकडे बघत होत्या. त्याला राग आला, लाज वाटली, आणि मग एकदम हायसं वाटलं. त्याच्या खांद्यावरची सॅक त्यांनी न विचारता काढून घेतली. तो दोन्ही हातांनी कठडा धरून चढला.

शेवटच्या वळणावर मावशींनी सॅक परत दिली, आणि बस दिसताच त्या लंगडू लागल्या.

साडेपाच वाजले होते. वाटाड्या हातात यादी घेऊन दाराशी उभा होता. "काका, या महिन्यात तिसऱ्यांदा उशीर. तुम्हाला जमत नसेल तर सांगा."

"त्यांना काय विचारतोस? मला विचार," मावशी म्हणाल्या. "म्हातारीचे गुडघे, बाबा. यांनी आणलं म्हणून आले."

वाटाड्या वरमला आणि यादीवर खुणा करू लागला. बसची पायरी उंच होती. मावशी कशालाही न धरता झरकन वर चढल्या, वळल्या, आणि हात खाली केला.

"जरा आधार द्या हो मला," सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, आणि त्याला वर ओढून घेतलं.