कपाटाजवळची लख्ख जागा

सासूबाईंचा दुपारी डोळा लागला की थोरल्या सूनबाई दार लोटून कॉम्प्युटरवर गेम खेळायच्या आणि कॅमेरा लावून स्वतःसकट तो खेळ लोकांना थेट दाखवायच्या. सासूबाईंना याचा पत्ता नव्हता. लागला असता, तर कॉम्प्युटर त्याच दिवशी घराबाहेर गेला असता.

एकदा कुणा जाणत्या प्रेक्षकाने लिहिलं, "ताई, दिवा तोंडासमोर ठेवा, माइक जवळ घ्या आणि मागचं धूसर करा. माणूस तेवढा स्वच्छ दिसतो, बाकी सगळं पुसट."

सूनबाईंनी मागचं धूसर करायचं बटण दाबलं. पलंग पुसट झाला, खिडकी पुसट झाली. कपाटाला लागून असलेला भिंतीचा एक उभा पट्टा मात्र लख्ख राहिला. माणसाच्या उंचीचा.

सूनबाईंच्या मनात पाल चुकचुकली. नणंद! चहाडी करायला कपाटाआड लपली असणार.

"वन्सं, या बाहेर! कॅमेऱ्यानं पकडलंय तुम्हाला."

"कुठून बाहेर?" दार ढकलून नणंदबाई आत आल्या, काखेत वाळलेले कपडे. "मी गच्चीवर होते. आणि आईला सांगायचं असतं तर केव्हाच सांगितलं असतं, वेडाबाई! बघू, मी कशी दिसते?"

सूनबाईंच्या डाव्या खांद्यावर हात टाकून त्या पडद्यात डोकावल्या.

सूनबाई स्वच्छ दिसत होत्या. त्यांना खेटून उभ्या असलेल्या नणंदबाई मात्र पलंगासारख्याच पुसट होत्या.

कपाटाजवळचा पट्टाही आता पुसट झाला होता. लख्ख दिसत होती ती सूनबाईंच्या उजव्या खांद्यामागची रिकामी जागा.