वीतभर सावली

आता फक्त मागच्या बाजूला नाव शिवायचं राहिलं होतं.

गोधडी वीतभर लांब, वीतभर रुंद. मांजराच्या पिल्लालाही पुरली नसती. पण ग्रुपचा नियमच तसा होता. दर एक तारखेला फोनवर विषय यायचा आणि महिनाअखेरीला वीतभर गोधडीचे दोन फोटो टाकायचे: एक समोरून, एक मागून, शिवणारीच्या नावासकट. या महिन्याचा विषय होता 'सावली'. तिने एक रिकामी खुर्ची केली होती आणि फरशीवर पडलेली त्या खुर्चीची लांबच लांब सावली. सावलीचं काळपट निळं कापड माळ्यावरच्या पिशवीतलं. पिशवी नवऱ्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोची. "वापर की," तो म्हणाला होता, "पडूनच आहे."

सासूबाई दुपारची झोप आटोपून खाटेवर बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली, तेव्हापासून बोलणंही आटलं होतं. तिला या घरात येऊन चार वर्षं झाली, पण आपलं शिवण तिने त्यांना कधी दाखवलं नव्हतं. आज काय मनात आलं कोण जाणे. तिने गोधडी त्यांच्या हातात दिली.

"आई, हे बघा."

सासूबाईंनी ती मांडीवर पसरली. बोटं कडेकडेने फिरली, खुर्चीवरून गेली, सावलीत उतरली आणि एका ओळीच्या टोकाशी थांबली.

"बयोची आहे ही," त्या म्हणाल्या.

बयो म्हणजे ती पहिली.

"नाही आई, ही मी..."

"कुठे सापडली गं? माळ्यावर?" सासूबाई चक्क हसत होत्या. "हे बघ, इथे हात लाव. ओळ संपली की दोन टाके मागे. एक नाही, दोन. मी म्हणायची, अगं, दोरा वाया जातो. तर म्हणायची, जाऊ दे आई, सुटायला तर नको." त्यांनी तिचं बोट धरून टाक्यांवरून फिरवलं. चार वर्षांत त्यांनी आपणहून तिचा हात पहिल्यांदाच धरला होता.

बोटाखाली टाके लागले. दोन मागे.

तिला शिवायला कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा अंथरुणावर ज्या गोधड्या होत्या, त्या उलटून बघत, एखादा कोपरा उसवून पुन्हा शिवत ती शिकली होती. गोधड्या कुणाच्या, हे तिने विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती.

नवरा कामावरून आला तो दारातच थबकला. आईचं हसणं त्याने जिन्यातूनच ऐकलं असावं.

"अरे, बघ काय सापडलं! बयोचीच ना रे?"

त्याने गोधडीकडे पाहिलं, मग बायकोकडे. आदल्या दिवशी याच गोधडीसाठी त्याने सुई ओवून दिली होती.

"हो आई," तो म्हणाला. "तिचीच."

स्वयंपाकघरात तिने चहाचं भांडं जरा आदळलंच.

"काल सुई कुणी ओवली होती?"

"किती दिवसांनी हसली गं ती."

"ते मलाही दिसलं. मी विचारलं, सुई कुणी ओवली होती?"

तो ओट्याला टेकून उभा राहिला. चहा वर येऊन उतू गेला, तरी दोघांपैकी कुणी हात पुढे केला नाही.

"टाका खरंच तसाच आहे," तो हळूच म्हणाला. "मला कालच दिसला. तू मान खाली घालून शिवत होतीस आणि... मी उठून गेलो, आठवतं?"

तिला आठवत होतं. पाणी पितो म्हणून उठला होता, तो परत आलाच नव्हता.

संध्याकाळपर्यंत गोधडी सासूबाईंच्या उशीखाली गेली होती. समोरचा फोटो तिने दुपारीच काढून ठेवला होता, तेवढाच ग्रुपवर टाकला. ग्रुप चालवणाऱ्या बाईंचा लगेच निरोप आला: 'फारच सुंदर! मागची बाजू? नाव दिसायला हवं.' तिने आपलं नाव लिहिलं. त्या नावाकडे बघत बसली. मग ते पुसलं आणि लिहिलं, 'या वेळी मला धरू नका.'

एक तारखेला नवा विषय आला: 'पाणी'. तिने पिशवीला हात लावला नाही. मुद्दाम नवं कापड काढलं, मुद्दाम टाका लांब घेतला आणि ओळीच्या शेवटी नुसती गाठ मारली. चार दिवसांनी अर्ध्यावर आल्यावर तिने काम उलटून पाहिलं. पहिल्या दोन ओळी तिच्या होत्या. पुढे हात कधी दोन टाके मागे वळला, ते तिला कळलंच नव्हतं.

"सूनबाई," आतून हाक आली, "त्या पिशवीत अजून एखादी सापडली का गं?"

तिने सुई कापडात खोचली.

"एक आहे, आई. पण अर्धीच आहे."

"अर्धी? छे. बयो काही अर्धं सोडायची नाही."

तिने सुई पुन्हा हातात घेतली.

"मग पुरी असेल," ती म्हणाली. "नीट शोधते. दोन-चार दिवसांत सापडेल."