विहीणबाईंची शेगडी

१९८३ साली सासऱ्यांच्या गॅस एजन्सीत शेगडी विकत घेतल्याशिवाय सिलिंडर मिळत नसे. तक्रारी झाल्या, सरकारी अधिकारी आले आणि शेगड्या परत घेऊन पैसे द्यायचा हुकूम निघाला.

दुकानापुढे रांग लागली. त्या रांगेत शेगडी काखेत धरून माझी आई उभी होती. सासऱ्यांनी तिलाही सोडलं नव्हतं.

“विहीणबाई, तुम्हीसुद्धा?” सासरे पुटपुटले.

अधिकाऱ्यांनी आईला विचारलं, “शेगडी इथूनच घेतली ना?”

आईने गल्ल्याशेजारी उभ्या माझ्याकडे पाहिलं. “नाही हो. लेकीला भेटायला आले होते,” म्हणाली आणि शेगडी घेऊन परत गेली.

एजन्सी वर्षभरात गेली. पुढे आई घरी आली, की सासरे मागच्या दाराने निघून जात. ते वारले तेव्हा आई म्हणाली, “माणूस भला होता हो.” मला मान वर करवली नाही.