पेंड टाकलेली जागा

"बस मागं," सर्जेराव स्कूटरवरूनच म्हणाला. "मासे काय आपली वाट बघत थांबणारेत?"

महिपती कारखान्याच्या गेटसमोर खाटेवर बसला होता, तो बसूनच राहिला. "आन् गेट?"

"वस्तीतल्या संपतला सांगितलंय. येईलच इतक्यात."

"येऊ दे की मग. तो आला की निघू."

"तोवर ऊन चढेल. अरे, रविवार आहे. त्यात आज मॅच. रस्त्यावर कुत्रं फिरकणार नाही."

धायरीतल्या या कारखान्याला टाळं लागून तीन महिने होत आले होते. मालकाला इथे कॉम्प्युटरवाल्यांसाठी काचेची इमारत उभी करायची होती. मात्र मशिनं आत होती तोवर कामगारांची बाजू कोर्टात तग धरून होती. ती एकदा बाहेर गेली की भांडायला काही उरणार नव्हतं. म्हणून कामगारांनी मालकाच्या कुलपाशेजारी आपलंही एक ठोकलं होतं. युनियनचा सेक्रेटरी या नात्याने सर्जेरावच ते नवंकोरं कुलूप बाजारातून घेऊन आला होता. ज्याचा पहारा, किल्ली त्याच्या खिशात. खाटेशेजारी रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. ट्रक दिसला की तो बडवायचा, म्हणजे मागच्या वस्तीतून माणसं धावत येतील.

महिपतीने आपली पाळी एकदाही चुकवली नव्हती. उलट दुसऱ्यांच्या पाळ्याही तोच करायचा. गेटकडे बघतो तितकं टक लावून लग्नात आपल्या तोंडाकडेसुद्धा बघितलं नव्हतं, असं त्याची बायको कौशल्या सगळ्या आळीला सांगत असे. आणि सर्जेराव म्हणजे शेजारच्या लेथवरचा त्याचा जोडीदार, महिपतीच्या पोरीच्या लग्नात मांडवाला खांदा लावलेला. त्याला नाही म्हणणं महिपतीला कधीच जमलं नव्हतं.

"काल रात्री पडल्या पडल्या एकदम मनात आलं," सर्जेराव म्हणाला. "महिपतीला एक दिवस मोकळं करायचं. असं सुकत चाललायस, बघवत नाही."

महिपती उठला. खिसा चाचपून म्हणाला, "किल्ली ठिवू कुठं?"

"तुझ्याकडंच असू दे. संपतला काय दार उघडायचंय? आणि पोरांपुढं बोलू नकोस. सेक्रेटरी मासे मारत हिंडतो म्हणून बोंब होईल."

धरणाच्या मागच्या अंगाला, बाभळीच्या सावलीत सर्जेरावने स्कूटर लावली. इथून ना रस्ता दिसत होता, ना गाड्यांचा आवाज येत होता. महिपतीने कणकेची गोळी गळाला लावून टाकली आणि बिडी पेटवायला काडी काढली. काडी ओढायच्या आतच दोरी ताणली.

रोहू होता, चांगला हातभर. त्याच्या मागोमाग दुसरा लागला.

महिपतीचं लहानपण मुठेच्या काठावर गेलेलं. त्याने पाण्याकडे बघत डोकं हलवलं. "सर्जा, हितं कुणीतरी पेंड टाकलीया. आठवडाभर रोज, ठरल्या येळंला. त्याबिगर मासा असा हावरटावानी येत न्हाई."

"टाकली असेल कुणीतरी. आपण खायचं."

"ज्यानं टाकली त्यो शिव्या घालंल."

"घालू दे."

सर्जेराव स्वतः गळाला हात लावत नव्हता. मासा निघाला की लांबूनच पिशवी पुढे धरायचा. हाताचा वास दोन दिवस जात नाही म्हणाला.

"मग आलास कशापायी?"

"तुझ्यासाठी."

महिपती खूप दिवसांनी मोकळेपणाने हसला. पुढ्यात पाणी होतं, पाठीशी दोस्त होता. गेटवर एकट्याने बसून त्याच्या मनात नाही नाही ते यायचं. कामगारांत फूट पडेल, कुणीतरी मालकाला मिळेल. ते सगळं आत्ता लांब गेल्यासारखं वाटत होतं. दुपारी भाकरी सोडताना तो म्हणाला, "खरं सांगू? तू हायस म्हणून मी टिकलो. न्हाईतर कवाच गावाकडं गेलो असतो."

सर्जेराव चटणीत भाकरी बुडवत राहिला. म्हणाला, "जेव."

जेवण झाल्यावर महिपतीची चुळबुळ सुरू झाली. संपतने जेवणाचा डबा आणला असेल का, त्याला झोप लागली तर? "चल, निघू या."

"अजून एक काढ."

एक निघाला. मग आणखी एक. उन्हं कलली तेव्हा कुठे सर्जेराव उठला. डिकीतून इस्त्रीचा शर्ट काढून त्याने अंगात घातला. सासुरवाडीला जायचंय म्हणाला. माशांची सगळी पिशवी त्याने महिपतीच्या मांडीवर ठेवली. "आमच्याकडं आज चतुर्थी. घरात शिरू देणार नाही."

फाट्यावर त्याने स्कूटर थांबवली. "तू हो पुढं. मी पेट्रोल टाकतो."

महिपती वळणावर आला आणि थबकला. गेट सताड उघडं होतं. आतली शेड रिकामी होती. जिथे लेथ उभे होते तिथे सिमेंटवर तेलाचे डाग तेवढे राहिले होते. बाहेर सगळी वस्ती जमली होती. रुळाचा तुकडा जागच्या जागी टांगलेला होता.

लोक बाजूला झाले. सगळ्यांची नजर त्याच्या पिशवीवर होती. पिशवीतून पाणी गळत होतं.

"आपलं कुलूप फोडलेलं न्हाई," कुणीतरी म्हणालं. "किल्लीनं उघडलंय."

महिपतीचा हात खिशावर गेला. किल्ली होती. त्याने गर्दीत संपतला शोधलं. "तू बसणार हुतास ना माझ्या जागी?"

"मी?" संपत म्हणाला. "मला कोण बोललं? मी घरी मॅच बघत होतो."

पण महिपतीने घाबरायचं कारण नव्हतं. दोन मिनिटांत सर्जेराव येईल आणि काय झालं ते सगळ्यांना सांगेल. इतक्यात पलीकडून स्कूटरचा आवाज आला आणि त्याच्या जिवात जीव आला. सर्जेराव उतरला. त्याने उघड्या गेटकडे बघितलं, रिकाम्या शेडकडे बघितलं आणि डोक्याला हात लावला. मग इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सारत तो महिपतीसमोर येऊन उभा राहिला.

"महिपती," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "पहारा सोडून दिवसभर होतास कुठं?"