तुळशीचा शेंडा

अंजूरच्या पार्वतीबाईंच्या अंगणातली तुळस काठीसारखी सरळ उंच वाढली होती. तिचा शेंडा कुणी खुडायचा नाही, असा त्यांचा दंडकच होता. गणपती गेले आणि शेजारच्या दौलतच्या बकरीनं तो शेंडा एका घासात फस्त केला. “तुळशीच्या लग्नात मुंडकं नसलेली नवरी उभी करू काय मी?” एवढं सुनावून पार्वतीबाईंनी दौलतशी बोलणंच टाकलं. सून दिपाली म्हणाली, “आई, शेंड्यानं खालचे कोंबांचे डोळे दाबून ठेवले होते. आता फुटवे येतील.” “तू बकरीची वकील हायस?” पण दिवाळीपर्यंत प्रत्येक पानाच्या बगलेतून फांदी फुटली आणि तुळस अशी डवरली, की लग्नाची चुनरी तिला पुरेना. पार्वतीबाईंनी तिच्यासाठी ठेवणीतली साडी काढली. मग त्या कुंपणाशी गेल्या. “लग्नाला ये,” त्या दौलतला म्हणाल्या. नजर मात्र बकरीवर होती. “करवलीलाबी आन. पन बांधून.”