राखेनं घासलेला डबा

"हाई भाजी शे, का ढोरेस्ना चारा?"

सासूचा तो आवाज चौतीस वर्षांनी धुळ्याच्या दवाखान्यात कोकिळाबाईच्या कानात पुन्हा वाजला. समोर डॉक्टर तिच्या नवऱ्याचा रिपोर्ट वाचत होते.

"नवलनाना, साखर उतरली की. पालेभाजी, फळं मनावर घेतलेली दिसतात. गोळ्या सोडू नका, पण ताट बदललं की गोळीलाही बळ येतं." मग ते तिच्याकडे वळले. "ताई, भाजी तुम्हीच करता ना?"

नवलनाना छताच्या पंख्याकडे बघू लागले. कोकिळाबाई "हो" म्हणाली. पण तिच्या घरात पालेभाजी शिजतच नव्हती.

नव्या नवरीनं पहिली भाजी करायची आणि भाऊबंदांनी चाखायची, ही शिरपूरकडच्या तिच्या सासरच्या गावाची रीत. जळगावकडून आलेल्या कोकिळेनं मोठ्या हौसेनं आईच्या हातची, पेरू घातलेली पालेभाजी केली होती. सासूनं घास घेतला, ते वाक्य टाकलं, आणि पंगत पोट धरून हसली. नवलनाना मान खाली घालून जेवत राहिले. त्या दिवसापासून कोकिळेनं पाल्याला हात लावला नाही. सासू गेली, तरी राग चुलीपाशीच बसून राहिला. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी पालेभाजी सांगितली, तेव्हाही ती नवऱ्याला म्हणाली होती, "चारा मन्हा गॅसवर शिजनार नही." नाना रोज दुपारी तिनं दिलेली शेवभाजी घेऊन मुकाट केळीच्या बागेत जात राहिले.

मग साखर उतरली कशी?

परतीच्या बसमध्ये तिला डबा आठवला. डबा रोज रिकामा येई, लख्ख घासलेला. कडेच्या खाचेत राखेचा कण. तिच्या घरी राख कुठली, गॅस येऊन वीस वर्षं झाली. राख असायची ती फक्त बागेच्या पावरा आदिवासी राखणदाराच्या, जामसिंगच्या झोपडीत. त्याच्या बायकोच्या चुलीत. चमेलीबाईच्या.

त्यानंतर नवऱ्याच्या अंगावरचा एकेक उजळपणा तिला बोचू लागला. नाना दम न लागता जिना चढले की ती मनात म्हणे, हे चमेलीचं. नाना झोपेतून ताजे उठले की, हेही तिचंच. दळण पाखडताना ओठांवर ओवी यायची:

मन्ही मोटनं पानी
गयं दुसरीना मळाले...

चौथ्या दिवशी दुपारी ती नानांच्या मागोमाग बागेत गेली.

झोपडीपुढच्या सावलीत जामसिंग तिची शेवभाजी भाकरीनं पुसून खात होता. नानांपुढे जर्मनची ताटली होती. ताटलीत हिरवीगार भाजी आणि बाजूला पपईची फोड.

"मन्ही भाजी जामसिंगले, नि तुन्ही भाजी यास्ले," कोकिळाबाई म्हणाली. "सौदा चांगला शे वं, चमेली."

"बसा अक्का," चमेलीबाई हसली. जणू रोजचीच पाहुणी आलेली. "ठिबकखाले तांदुळजा कितीबी उगस. खाईसन तं दखा."

कोकिळाबाईनं चिमूटभर भाजी तोंडात टाकली. नाव ठेवायचं तिनं आधीच ठरवलं होतं. मीठ कमी म्हणायचं, नाहीतर कचवट म्हणायचं. दाताखाली काहीतरी करकरलं. अर्धा कच्चा पेरू. मागून लसूण आला. मग भिजलेली मूगडाळ.

तिचा हात ताटलीतच राहिला.

"तुम्हना पावरास्मा भाजीत पेरू टाकतस का?"

"आम्ही कशाले टाकसूत? आम्ही पेरू नुसता खातस," चमेलीबाई म्हणाली. "नानास्नीच सांगं. पेरू अर्धा कच्चा पाहिजे, डाळ मूठभर, तेल नावले. तीन येळा चुकनू मी. तीन्ही येळा त्यास्नी ताटली सरकाडी दिधी. म्हनेत, हाई ती नही."

जामसिंग उठून पाणी आणायला गेला. केळीच्या पानांवर ऊन सळसळत होतं. कोकिळाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. त्या पंगतीत बसले होते तसेच ते बसले होते, मान खाली घालून. पण आज त्यांनी घास खाली ठेवला आणि मान वर केली.

"त्या दिन भाजी बेस व्हयनी व्हती, कोकिळा," नाना म्हणाले. "माय समोर बसेल व्हती. मी बोलनू नही."